दोन उन्हं दिलेले दाणे

साकोली,
ता. १२ जुलै २०१४

चि. धर्मेंद्र यास,

मंगरूभाऊजींचा सप्रेम जय भीम. तू, रत्नमाला आणि लेकरं बरी असाल, खाणीतल्या पाळ्यांचं आणि तुझ्या कमरेचं आता जमलं असेल, असं धरून चालतो. इकडे माझे गुडघे नेहमीसारखे आहेत. तुझी बहीण वच्छला मात्र चार दिवसांपासून जेवायला बसते आणि न जेवताच उठते. फोनच केला असता, पण मी फोनवर बोललो की समोरच्या पानठेल्यालाही कळतं (हे तिचं म्हणणं), म्हणून हा कागद.

येत्या बुधवारी तिच्या बचत गटाची बैठक आहे आणि तीत तिचं अध्यक्षपद जाणार, अशी चिन्हं आहेत. कारण शेंगदाणे. मे अखेरीस गटानं बपेऱ्याहून भुईमुगाच्या ओल्या शेंगा आणल्या. त्या आमच्या अंगणात वाळल्या, बायांनी फोडल्या आणि पाकिटाचं तोंड चिकटवणारं नवं यंत्र आल्यामुळे ऐंशी पाकिटं हवाबंद झाली. (त्या यंत्राच्या भरात आठवडाभर आमच्या घरात काहीच उघडं राहिलं नाही, माझ्या बीपीच्या गोळ्यासुद्धा कात्रीनं काढाव्या लागल्या.) पाकिटं मागच्या खोलीत, रांजणाशेजारी, थेट जमिनीवर रचली. पुढे बचत गटांच्या प्रदर्शनात ती विकायची ठरली; प्रदर्शनवाल्यांनी विक्रीआधी तपासणीचा कागद मागितला, म्हणून एक पाकीट घेऊन मी बसनं नागपूरच्या प्रयोगशाळेत गेलो. कागद आला: दाण्यांत बुरशीचं विष, मर्यादेपेक्षा जास्त.

तो घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी मला बसवून समजावलं. दाण्यात ओल राहिली आणि वरून प्लॅस्टिक बंद केलं की ती ओल आतच कोंडते, तिच्यावर बुरशी धरते. बुरशीचं विष धुऊन जात नाही, भाजून जात नाही आणि डोळ्यांना दिसतही नाही. शेंग खुळखुळ वाजेपर्यंत वाळवायची, सुरकुतलेले दाणे निवडून फेकायचे, पाकीट त्यानंतर; आणि थप्पी फळ्यांवर, भिंतीपासून लांब. आता आपण पडलो धानवाले. धान जास्त वाळलं की गिरणीत त्याची कणी होते, म्हणून दोन उन्हं दिली की आपला हात आपोआप पोत्याकडे जातो. भुईमुगाला चार उन्हं लागतात, हे आपल्याकडे कोणाच्या ध्यानात राहतं?

हे सगळं वच्छलेला सांगताना मी थकून गेलो. "दाना चांगला दिसते, वास बी नाही, मंग मी लोकायले जहर देऊन राहिली का?" असं ती दोन दिवस मलाच विचारत होती, जणू विष मी नागपूरहून पिशवीत घालून आणलं.   गटातल्या तुळसाबाई दारात येऊन सांगून गेल्या, "अध्यक्षबाईले मशीनची घाई झाली होती."  काल वच्छलेनं परसात खड्डा केला आणि एकेक पाकीट स्वतः फोडून दाणे पुरले. पाकिटं इतकी पक्की चिकटवलेली होती की संध्याकाळ झाली. मला ते बघवलं नाही, मी आत जाऊन बसलो.

रत्नमालेला जय भीम, लेकरांना आशीर्वाद.

तुझा भाऊजी,
मंगरू

ता. क. तिनं तुमच्याकडे पाठवलेलं पाकीट उघडलं नसेल तर तसंच फेकून दे. उघडलं असेल तर उरलेलं फेक, लेकरांना एक दाणाही देऊ नकोस. आणि चटणी फार छान झाली, असं तिला कळवू नकोस.

ता. क. दुसरा. मंगळवारी रजा टाकून ये. शेंगांना चार उन्हं द्यायची, असं वच्छलेनं मला तीनदा बजावलं होतं आणि ती प्रशिक्षणाला भंडाऱ्याला गेली होती. राखणीला मी होतो. दुसऱ्या दुपारी बकऱ्या हाकलायचा कंटाळा आला आणि मी सगळं पोत्यांत भरून टाकलं. आल्यावर तिनं विचारलं, चार झाली ना? मी हो म्हणालो. तपासणीचा कागद आल्यापासून हे सांगायला रोज तोंड उघडतो आणि चहा मागतो. बैठकीआधी सांगायचंच आहे. सांगेन मीच. तू फक्त दाराच्या बाजूला बस, म्हणजे मला मधेच उठून जाता येणार नाही.