सुखदेवचं मरण

८ फेब्रु., रविवार. जळगाव
सुखदेवला आज मारला. बावीस प्रकरणं जगवला, तेविसाव्यात सकाळी अकराला संपवला आणि उठून वरणाला फोडणी दिली. रडू आलं नाही. वरणगावच्या दारूगोळा फॅक्टरीत जन्म काढलेला माणूस. शेवटी लेकीच्या मांडीवर डोकं, तोंडात गंगाजल, वर तुळशीपत्र. बरं उतरलंय. प्रकाशकांना पानांचे फोटो पाठवले.
संध्याकाळी आबांना वाचून दाखवायचं. सुखदेव म्हणजे आपणच, हे त्यांना पहिल्या प्रकरणापासून ठाऊक. एवढी घाई बापासाठीच. डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, आता आठवडेच. आबांना सांगितलंय, सूज आहे, उतरेल.

९ फेब्रु.
काल वाचलं. आबा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर विचारलं,
"आपला घरमा तुळस कव्हय व्हती, माय?"
मी वही मिटली.
"आनि गंगाजल कोनी आनं?"
मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेत मराठी शिकवते म्हणे! भिंतीवर बुद्ध, लहानपणापासून त्रिशरण तोंडपाठ, आणि माझा माणूस मरायला टेकला की हात थेट तुळशीकडे. आजवर पुस्तकांत वाचलेली माणसं तशीच मेली ना. मरणसुद्धा उसनं आणलं मी.
प्रकाशकांचा फोन. "तुळशीपत्राचा प्रसंग अप्रतिम. हात लावू नका."

११ फेब्रु.
तुळस काढली. गंगाजल काढलं. आता तिथे काय घालू? आमच्या घरात माणूस कसा जातो, मी पाहिलेलंच नाही. आई गेली तेव्हा मी साक्रीला, डी.एड.च्या परीक्षेला. निरोप मिळाला तो पेपर सुटल्यावर. वरणगावला पोचले तर ती पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली, भोवती बसलेल्या बायका उठायच्या बेतात. "झोपेतच गई," आबा म्हणाले. चोवीस वर्षं तेच एक वाक्य. मीही कधी पुढे विचारलं नाही.

१५ फेब्रु., रविवार
विचारलं. "आबा, आई कशी गेली? खरं सांगा."
मी मुगाचं पाणी भरवत होते. त्यांनी तोंड फिरवलं. भिंतीकडे बघत सांगितलं.
झोपेत नाही. भर दुपारी, तीन तास. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत, दाराकडे तोंड करून. एकच विचारायची, "मनी पोर निघनी का?"
"मग? तुम्ही काय म्हणालात?"
"मी सांगं, निघनी. साक्री सुटनं. जरा येळनी सांगं, धुळं उनं. पानी पाजं. मंग पारोळा उनं सांगं. तिले जरा दम पडे."
"कुठपर्यंत सांगितलंत?"
"एरंडोल." पुढचं गाव सांगायची वेळच आली नाही.
मला फोन केलाच नव्हता. होस्टेलवर फोन होता, नंबर त्यांच्या खिशात होता.
"दुसरा दिन सकायले पेपर व्हता तुना," म्हणाले.

१६ फेब्रु.
बोलले नाही त्यांच्याशी. औषध दिलं, अंग पुसलं, बोलले नाही. पेपर काय, पुढच्या वर्षी दिला असता. साक्रीहून एसटीला पाच तास, तीन तासांत पोचले नसतेच, हे दहादा मनाशी म्हणून झालं. तरी राग जात नाही. आईला शेवटच्या घडीला खोटी एसटी दाखवली आणि मला खोटी झोप. मरायला टेकलेल्या बापावर रागावते आहे, याचीही लाज वाटते.
दुपारी आपणहून म्हणाले, "एरंडोल सांगं तव्हय ती हासनी व्हती."
"पाणी प्या," एवढंच म्हटलं.

२० फेब्रु.
लिहिलं. एका बैठकीत तीन पानं. सुखदेव खाटेवर, लेक लांब. उशाशी शेजारचा म्हातारा मिस्त्री, एकेक गाव सांगतोय. माठातलं पाणी, बस्स. एरंडोल ऐकून सुखदेव हसतो आणि
या वेळी रडले. पदर तोंडात कोंबून, आबांना ऐकू जाऊ नये म्हणून. राग बराचसा उतरला. सगळा नाही.

२२ फेब्रु., रविवार
आबा आता उठत नाहीत. पाय टम्म. बोलणं तुटक.
"लिखं का?"
"लिहिते आहे."
"सुखदेव गया का?"
वही समोर टेबलावर. पानं पूर्ण.
"नाही, अजून नाही."
का म्हणाले मी असं? हेच ऐकायला तर ते थांबलेत. आणि ऐकून झालं की मग कशासाठी थांबतील, ही भीती. वेडी आहे मी.

२४ फेब्रु.
प्रकाशक विचारतात, प्र. २३ कधी? तुळस काढल्याचं अजून सांगितलेलं नाही. थांबा म्हटलं.
सकाळी आबांनी पुन्हा विचारलं, "सुखदेव?"
"चाललंय, आबा. आता पारोळा आलंय."
तोंडून निघूनच गेलं. आबांनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं. ही थाप त्यांच्याइतकी कोणाला ओळखू येणार? मला वाटलं रागावतील, मी रागावले तसे. त्यांनी हात पुढे केला, माझं मनगट धरलं. पकड अजून आहे थोडी.
"घाई नको करू. एरंडोल उनं म्हंजे माले सांगजो."
हो म्हटलं. वही कपाटात ठेवली आणि त्यांच्यासाठी मूग शिजत टाकले.