तळघरातला वास

मोझेलकाठ, ४ ऑक्टोबर १९६२

ती. आनेताईस,
धाकट्या लोरेन्झचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे. द्राक्षं भरलीत, धुकं मात्र दुपारपर्यंत नदीवरून हलत नाही. यंदा वरच्या चढावर मी जायचं नाही, असं उर्सेलने बजावलंय.

ताई, एक गोष्ट फक्त तुला लिहितो. उन्हाळ्यातल्या तापापासून मला वास येत नाही. कशाचाच. पिंपातली वाईन पेल्यात घेऊन नाकाशी धरतो, तर पाणी हुंगल्यासारखं वाटतं. परवा व्यापारी आला, तेव्हा नुसती मान डोलावून वेळ मारून नेली. उर्सेलला सांगायचा धीर होत नाही. माझ्या नाकाच्या भरवशावर तिने संसार केला.

तुझा
लोरेन्झ

ट्रियर, ९ ऑक्टोबर

चि. लोरेन्झ यास,
ताईचे आशीर्वाद.

आपल्या घरात सगळ्यांत मोठं नाक तुझं, आणि तेच संपावर जावं ना! थट्टा राहू दे. इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कधी वास परत येतो, कधी येत नाही. तुला खोटा धीर देणार नाही.

पण उर्सेलला सांग. तू एकटाच तळघरात कुढत बसलेला मला बघवणार नाही. जेवत जा. माया आहे तशीच राहू दे.

तुझी
आने

मोझेलकाठ, १९ नोव्हेंबर

ती. आनेवन्संना,
उर्सेलचा शि. सा. न.

काढणी नीट पार पडली. तुमच्या भावाने अखेर मला सांगितलं. मला ऑगस्टमध्येच कळलं होतं. चुलीवर दूध करपलं आणि हे शेजारी बसून खुशाल पेपर वाचत होते. यांनी आपणहून सांगावं म्हणून मी गप्प राहिले. फार जड गेलं, वन्सं.

सांगितलं त्या दिवशी तळघरात यांनी पेला माझ्या हातात दिला आणि मान खाली घातली. मी हुंगून सांगितलं, हिरवं सफरचंद आहे, मागे ओल्या दगडी पाटीचा वास. हे बघतच राहिले. इतकी वर्षं यांचे पेले विसळायच्या आधी मी हुंगत आले, हे यांना कुठे ठाऊक? कोपऱ्यातल्या पिंपाला कुबट वास येत होता, तेही सांगितलं. ती वाईन लगेच दुसऱ्या पिंपात काढली, म्हणून वाचली.

आता आंबटगोड यांची जीभ ठरवते, वास मी सांगते. काल एका पिंपाशी हे बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "उर्सेल, तुला काय वाटतं?"

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. तळघरात यांनी मला असं पहिल्यांदाच विचारलं.

नाताळला नक्की या. आमच्यावर लोभ असाच असू द्या.

तुमची
उर्सेल