सपाट आवाज

४ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मला विद्यापीठाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत संशोधन सहायक म्हणून घेतलं. प्रयोगशाळा म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे परीक्षानळ्या येतील. तसलं काही नाही. तिसऱ्या मजल्यावर बिनखिडकीची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा. माणसं येतात, आयुष्यातला एखादा दिवस आठवून सांगतात. मी कागदावरचे ठरलेले प्रश्न वाचते. शब्द बदलायचा नाही, मान डोलवायची नाही, आवाज सगळ्यांसाठी सारखा. जुन्या मुलांना हे जमायला महिना लागला, मला पहिल्याच दिवशी जमलं. इतका सपाट आवाज आजवर ऐकला नाही, असं प्राध्यापक बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, वाईटही वाटलं नाही. आई गेल्यापासून असंच चाललंय. जेवते, झोपते, तासांना बसते.

तुझं शिवणाचं दुकान कसं आहे? गिऱ्हाइकांवर फार खेकसू नकोस.

माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
मुंगी

१३ ऑगस्ट

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

अभिनंदन! प्रश्न विचारायचा आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसायचं, हे आपल्या घरात आजवर कोणाला जमलं नव्हतं. आणि मी खेकसत नाही. लोक मापं देताना पोट आत ओढतात आणि मग कपडा तंग झाला म्हणून भांडायला येतात.

पण त्या आवाजाचं कौतुक मला करवत नाही. पाच महिने मनात ठेवलं, आता सांगूनच टाकते. ताई गेल्याचं तू फोनवर सांगितलंस, ते गाडी उशिरा सुटणार असल्याचं सांगावं तसं. वेळ, डॉक्टर काय म्हणाले, कागदपत्रं कुठवर आली. मी हातातलं कापड टाकून खाली बसले, आणि तू विचारलंस, अजून काही माहिती हवी आहे का. राग आला. अजून आहे. शेवटचं भेटायचं राहिलं, ते दुःख वेगळंच.

पोटभर जेव. रागावले तरी तुझीच आहे.

मावशी

२७ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात तुझ्या वयाच्या एक शिक्षिका आल्या. बहीण गेली तो दिवस सांगत होत्या. त्यांना कोणी वेळेवर कळवलंच नव्हतं. सांगता सांगता रडायला लागल्या. अशा वेळी थांबायचं का एवढंच विचारायचं आणि घड्याळ लावून तीस सेकंद गप्प राहायचं, असा आमचा नियम. मी तसंच केलं आणि पुढचा प्रश्न वाचला. प्राध्यापक बाईंना एकही चूक सापडली नाही. मला माझीच भीती वाटली.

मावशी, फोनवर एक गोष्ट मी सांगितली नव्हती. त्या सकाळी आईने विचारलं, तू येतेयस का. तू निघालीयस, असं मी तिला सांगितलं. तुला तेव्हा कळवलंच नव्हतं. डॉक्टर दोन-तीन दिवस आहेत म्हणाले होते, म्हणून दुपारी कळवू म्हटलं. दुपारपर्यंत ती राहिली नाही. तुझ्याशी बोलताना हेच तोंडून निसटेल, म्हणून एकेक शब्द मोजून बोलले. तेव्हापासून तसंच बोलते.

हवं तितकं रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

मुंगी

९ सप्टेंबर

चि. मुंगीस,
आशीर्वाद लिहायला हात उचलत नव्हता. तरी, अनेक आशीर्वाद.

चार दिवस दुकान उघडलं नाही. मनातल्या मनात तुला काय काय बोलले ते लिहीत नाही. माफ केलं असंही लिहीत नाही, कारण मलाच अजून ठाऊक नाही. फक्त एक कळव. मी निघालीय हे ऐकून ताई काय म्हणाली? गोड करून सांगू नकोस.

मावशी

१५ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आई हसली. तुला घाई करू नकोस म्हणावं, सावकाश ये, असं म्हणाली. मग माझ्याकडून उशी नीट करून घेतली. तू आलीस की मला उठव म्हणाली आणि कुशीवर वळली. मी उठवते म्हटलं.

मुंगी