विसातला एक

ता. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुरुवारी जीप वर जाते, म्हणून आजच लिहायला बसलो. तुमच्या हवामान केंद्रातला फोन फक्त वाऱ्यापावसाचे आकडे कळवायला आहे, हे ठाऊक आहे. आणि फोन असता तरी या दोन खोल्यांत बाबांच्या कानाआड काही बोलता येत नाही.

आधी गोड बातमी. बाबा ऑपरेशनला तयार झाले. वर्षभर सर्जन कानीकपाळी ओरडत होते की हृदयाची झडप बदलायलाच हवी, आपण दोघं डोकं आपटत होतो, आणि हे आपले ढिम्म. परवा रविवारी खेळ संपल्यावर त्यांनी आपणहून होकार दिला. २४ मार्च ही तारीख मिळाली.

आता कडू. तू कधी आमच्या खेळाला बसली नाहीस, म्हणून थोडक्यात सांगतो. मी गोष्ट चालवतो आणि बाकीचे तिघं त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. वरच्या मजल्यावरची, दातांच्या दवाखान्यातली दातवाली मावशी चोर. बाबांच्या वजनमाप खात्यातले जुने सोबती, आपले शिक्केकाका, मांत्रिक. बाबा वाटाड्या. दरीवरून उडी मारायची असेल तर वीस पैलूंचा फासा पडतो. आकडा मोठा आला तर पार, लहान आला तर जखम, आणि एक आला तर त्या पात्राच्या जिवावर बेततं. नकाशे, जखमा, कोणाच्या झोळीत काय आहे, शत्रूची पाळी कधी, हे सगळं माझा लॅपटॉप सांभाळतो. फासेही तोच टाकतो, कारण बाबांचे हात थरथरतात आणि खरा फासा दर वेळी कपाटाखाली जाऊन बसायचा.

आई गेल्यावर बाबांना मी या टेबलाशी ओढून आणलं, हे तुला माहीत आहे. माहीत नाही ते पुढचं. तिसऱ्याच रविवारी त्यांना एक पडला आणि त्यांचं पहिलं पात्र मेलं. ते उठले आणि चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्याच आठवड्यात मी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली: बाबांच्या पाळीला एक आला, तर तो टाकून द्यायचा आणि दुसराच आकडा दाखवायचा. दोन वर्षं झाली, कोणाला पत्ता लागला नाही.

परवा होकार देताना ते म्हणाले, "डॉक्टर सांगतात, विसात एक दगावतो. मला तर दोन वर्षांत एकदाही एक पडलेला नाही. मी खुळा नाही, पण मनाला कशाचा तरी आधार लागतो." शिक्केकाकांनी टाळी दिली. जन्मभर दुकानदारांचे वजनकाटे तपासून शिक्का मारलेला माणूस माझ्या खोट्या काट्यावर जीव ठेवायला निघालाय. ताई, काय करू?

उलट जीपने उत्तर धाड. माया आहेच तुझी, सोबत थोडी अक्कलही पाठव.

तुझा,
धाकट्या

*

ता. ५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

जीपवाला चहा पितोय, तेवढ्यात लिहिते. कपात तळ दिसला की तो निघेल.

अक्कल मागितलीस, घे. तोंडाला कुलूप लाव. सांगितलंस तर ते ऑपरेशन रद्द करतील आणि वर दोन महिने अबोला धरतील. त्यांचा स्वभाव तुला मी सांगायला नको. सर्जननी मला स्पष्ट कळवलंय की या झडपेवर वर्ष निघेल याची खात्री नाही. तुझ्या खरेपणासाठी ती झडप थांबून राहणार नाही.

ते शुद्धीवर आले, पेज प्यायला लागले, की मी स्वतः तुझा कान धरून सगळं वदवून घेईन. माझ्या जागी बदली माणूस एप्रिलअखेरीशिवाय येत नाही आणि उपकरणं वाऱ्यावर सोडता येत नाहीत, म्हणून इथे अडकले आहे. तोवर तू सांभाळ. आणि तो चेहरा जरा सरळ ठेव. लहानपणी साखर खाल्लीस तरी तुझे कान आधी लाल व्हायचे.

बाबांना नमस्कार सांग. तुला मनापासून आशीर्वाद, जरी आज तू त्याला पात्र नाहीस.

तुझी,
ताई

*

ता. १० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि जास्तच रुतलो.

ऑपरेशनपर्यंत रिकामं बसवत नाही, म्हणून बाबांनी वही काढली आहे. त्यांना आपल्या सगळ्या फाशांची यादी हवी आहे. लॅपटॉप प्रत्येक फाशाची नोंद ठेवतो, ही फुशारकी मीच मारली होती. प्रिंटर बिघडलाय म्हटलं, तर म्हणाले, पडद्यावरून उतरवून घेईन.

ते फिरायला गेले तेव्हा यादी काढून पाहिली. मावशीला आठशेच्या आसपास फाशांत एकोणचाळीस वेळा एक पडलाय. काकांना चव्वेचाळीस वेळा. बाबांच्या नावावर आठशे बारा फासे, आणि त्या तिसऱ्या रविवारनंतर एक शून्य वेळा. त्यांच्यासारख्या माणसाला हे दिसायला पाच मिनिटं पुरेत. मग, लाज वाटते सांगायला, मी खोटी यादी करायला बसलो. पण ती बनतच नाही. मधे मधे एक घातले, तर ते म्हणतील हे कधी पडले? न घातले, तर यादीच बोंब मारेल.

लॅपटॉप दुरुस्तीला दिलाय असं सांगून कपड्यांच्या कपाटात लपवलाय. रोज सकाळी विचारतात, आला का दुरुस्त होऊन? कालपासून मावशीही विचारते. एका खोट्याला आता किती टेकू लावू? आणि जिना चढताना त्यांना लागलेली धाप ऐकली की वाटतं, तुझंच बरोबर असेल.

लौकर लिही. तुझ्या मायेला सध्या मी पारखा होऊ नये एवढंच मागतो.

तुझा,
धाकट्या

*

ता. १२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

गेल्या आठवड्यात आकडे लिहिताना माझ्या हातून दोनदा चूक झाली. इथे सहा वर्षांत कधी झाली नव्हती. तुला दिलेला सल्ला मागे घेते.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आईला आपण तिघांनी मिळून सांगितलं होतं ना, की गाठ साधी आहे? शेवटच्या आठवड्यात मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "मला बरंच विचारायचं होतं गं तुम्हाला. पण तुम्ही सगळे इतकं छान हसत होतात, की मोडवेना." मी फणी ठेवली आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले. परत आले तेव्हा तिचा डोळा लागला होता. तो विषय पुन्हा निघाला नाही.

बाबांना सांग. ते नाही म्हणाले, तर तो नकार तरी त्यांचा स्वतःचा असेल. मी गप्प बसायला सांगितलं होतं, हेही सांग. त्यांच्यासाठी चार ओळी वेगळ्या लिहून सोबत पाठवतेय. सगळं तुझ्या एकट्याच्या डोक्यावर नको.

आशीर्वाद नेहमीचेच, आज जरा घट्ट.

तुझी,
ताई

*

ता. १६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. मी शुक्रवारीच सांगून बसलो होतो.

दुपारी जेवणं झाल्यावर बाबा वहीत रेघा आखत बसले होते, फाशांच्या यादीसाठी. तीन रकाने, फूटपट्टीने आखलेले. ते पाहिलं आणि मला राहवेना. लॅपटॉप कपाटातून काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, एकेका शब्दाचा अर्थ विचारला, ओळ कधी लिहिली ते विचारलं. मी सगळं सांगितलं.

मग म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं मी खेळलोच नाही. तू मला खेळवत होतास."

तुमच्या भल्यासाठीच केलं, असं मी पुटपुटलो. त्यावर ते शांतपणे म्हणाले की गिऱ्हाइकाला चार दाणे जास्त देणारा काटासुद्धा त्यांनी जप्त केलेला आहे, कारण जास्त देणारा काटाही खोटाच. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी शर्ट बदलला, मला सोबत येऊ दिलं नाही, आणि एकटेच बसने हॉस्पिटलात गेले. तीन तास मी गॅलरीत उभा. परत आले तेव्हा ओठ निळसर झाले होते. सर्जनना त्यांनी सरळ विचारलं होतं, सगळ्यांचं सोडा, माझ्या वयाच्या आणि माझ्या हृदयाच्या माणसाचं काय? विसात एक नाही, ताई. नवात एक. तारीख बाबांनी रोखून ठेवली आहे, हो की नाही ते शुक्रवारी सांगतो म्हणालेत.

ती ओळ मी पुसून टाकली. रविवारचा खेळ झाला नाही. मावशी आणि काका दारातून परत गेले. तुझ्या चार ओळी बाबांनी वाचून खिशात ठेवल्या. माझ्याशी औषधांपुरतं बोलतात.

यापुढे लिहायला हात चालत नाही. तुझा लोभ असेल असं धरून चालतो.

तुझा,
धाकट्या

*

ता. २० एप्रिल

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, चालवून घे. छातीवरचे टाके अजून खोकू देत नाहीत, पण पेन धरू देतात. ऑपरेशन पार पडल्याचा दोन ओळींचा निरोप तुझ्या केंद्राला पोचला हे कळलं. त्या निरोपात मावत नव्हतं ते आता लिहितो.

तुझी कबुली मिळाली. दोघंही एकाच माळेचे मणी. आईच्या बाबतीत मीही त्याच माळेत होतो, तेव्हा तुम्हाला तरी काय बोलू?

नवात एक ऐकून घरी आलो, तेव्हा नाहीच म्हणायचं ठरवून आलो होतो. पुढचे तीन दिवस जिना चढताना मोजत राहिलो. सोळा पायऱ्यांना तीन विसावे लागत होते. महिन्यापूर्वी एकच लागायचा. हे माप कोणी बदललेलं नव्हतं. त्यावरून ठरवलं आणि गुरुवारीच होकार कळवला. घाबरलो होतो, पण हिशेब माझा होता.

काल मी पलंगावर टेकून खेळलो. दुसऱ्याच तासाला वाटाड्याला एक पडला आणि तो कड्यावरून गेला. दातवाल्या बाईंनी डोळे पुसले. मी आता स्वयंपाकी झालोय, माझ्याकडे फक्त एक झारा आहे.

धाकट्याचा राग अजून थोडा आहे, औषधांबरोबर उतरेल. पण ऑपरेशनच्या सकाळचं एक तुला सांगायचं आहे. मला ढकलगाडीवरून आत नेत होते. नर्स, शिक्केकाका, बाई, सगळे एकाच सुरात म्हणत होते, काही होणार नाही. हा मात्र गाडीला धरून मुकाट चालत होता. दहा दिवसांचा अबोला मोडून मी त्याला विचारलं, तुला काय वाटतं, येईन का मी परत? मला वाटलं, हाही तेच म्हणेल. त्याचे कान लाल झाले.

तो म्हणाला, "मला माहीत नाही, बाबा."

मी म्हटलं, "मलाही नाही."

मग त्या लांब व्हरांड्यातून आम्ही दोघं घाबरलेले, एकमेकांचा हात धरून दारापर्यंत गेलो. तुझी आई गेल्यापासून इतकी सोबत मला कोणाचीच वाटली नव्हती.

बदली माणूस आला की उतरून ये. तुझ्यावरचा लोभ कमी झालेला नाही, आल्यावर स्वतः तपासून घे.

तुझे,
बाबा