मंडळीचा पितळी पेला

मी, धनीराम सोमाजी दिघोरे, वय बहात्तर, धंदा मासेमारी, राहणार सानगडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा, पूर्ण शुद्धीवर असताना, स्वखुशीने, माझ्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी असावे लागते. सरकारी दाखल्यावर काहीही असो, मी ख्रिस्ती आहे आणि ख्रिस्ती म्हणूनच मरणार आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर माझा मुलगा धनराज याला मिळावे. तो नागपूरला नोकरी करतो. पोरीच्या, म्हणजे रिंकूच्या, सोयरिकीसाठी तो परत जातीत गेला. मी त्याला बोललो नाही, रडलो मात्र. घराला लागून पत्र्याची खोली आहे. तिथे आमची मंडळी दर रविवारी प्रार्थनेला बसत असे. त्या खोलीत धानाची पोती ठेवू नयेत, असे लिहिणार होतो. पण तो ठेवणारच. ठेव बाबा, उंदरांचे तेवढे बघ.

कलम २. डोंगा आणि सर्व जाळी तलावाच्या मच्छीमार सोसायटीला द्यावीत. मी मंडळीत गेलो तेव्हा याच लोकांनी मला एक हंगाम तलावात उतरू दिले नव्हते. राग अजून आहे, पण तो जाळ्यांवर काढण्यात अर्थ नाही.

कलम ३. बँकेत जे असेल त्यातून माझी पेटी करावी. माझी बायको रेवताबाई बांधाशेजारच्या आमच्या तुकड्यात पुरलेली आहे, तिच्या डाव्या अंगाला मला पुरावे. जाळू नये. धनराज, जातवाले तुला घेरतील. तेव्हा हा कागद दाखव.

कलम ४. यादोराव यास माझ्याकडून काही नाही. कारण लिहून ठेवतो.

यादोराव गावातल्या मोठ्या शेतकरी घरचा. ख्रिस्ती झाला म्हणून भावांनी त्याला घराबाहेर काढले, तरी तो मागे फिरला नाही. रेवताबाईची कबर त्याने एकट्याने खोदली. हे मी विसरलेलो नाही. पण मंडळी मोडली ती त्याच्याच तोंडाने.

येशूच्या आठवणीने द्राक्षरस घ्यायचा, ते आमचे प्रभुभोजन एकाच पेल्यातून होत असे. पेला पितळी, भंडाऱ्याहून आणलेला, आतून कल्हई केलेला. द्राक्षरस इकडे कुठला मिळायला! रेवताबाई जांभळाचा रस उकळून बाटल्यांत भरून ठेवायची. पहिल्या प्रभुभोजनाला पेला आधी धुरपताबाईच्या हातात गेला. धुरपताबाईच्या आईला या गावाने कधी आपल्या विहिरीवर चढू दिले नव्हते. तिचे घर बौद्ध झाले, ताठ मानेने जगू लागले. ती मंडळीत आली तेव्हा माहेरच्यांनीही बोलणे टाकले. तिने पेल्याला तोंड लावले, मग रेवताबाईने, मग मी आणि मग यादोरावाने. मी खऱ्या अर्थाने ख्रिस्ती झालो तो त्या दिवशी. बाप्तिस्म्याला पाण्यात बुडवले होते ते आधीच.

कोरोना उतरल्यावर शहरातले पाळक, म्हणजे पाद्री, आले आणि त्यांनी तोवर वाढलेल्या मंडळीत प्रत्येकाला प्लास्टिकचा वेगळा चिमुकला पेला दिला. त्यांच्या मनात रोगाचीच काळजी होती. पण यादोराव हसून बोलला, "बरं झालं बा, आता ज्याचा त्याले."

धुरपताबाईने हातातला पेला चटईवर ठेवला. "काहून बरं झालं, यादोभाऊ? इतकी वर्षं माहं उष्टं मन मारून पेऊन राहिला होता का तू?"

यादोरावाने नाही म्हणायला हवे होते. एवढे एकच. तो खाली बघत राहिला. ती उठली, तिच्या बाजूचे सगळे उठले, आणि भरलेले पेले तसेच चटईवर राहिले. पुढे यादोराव आणि त्याच्या बाजूचे साकोलीला प्रार्थनेला जाऊ लागले. रविवारी खोलीत मी एकटाच गीत म्हणतो. एकट्याची मंडळी होत नाही, हे मला कोणी शिकवायला नको.

कलम ५. सदर पितळी पेला धुरपताबाई आणि यादोराव या दोघांना मिळून द्यावा. वाटणी करू नये. मला पुरण्याच्या दिवशी दोघांनी त्यातून प्यावे, आधी तिने, मग त्याने. मला मंडळीने पुरावे, नुसत्या नातेवाइकांनी नाही, एवढीच माझी शेवटची इच्छा आहे.

सही: धनीराम सोमाजी दिघोरे

साक्षीदार १: यादोराव, सही, ता. ७ मे २०२३
साक्षीदार २: धुरपताबाई, सही, ता. ९ मे २०२३

सह्या झाल्यानंतर लिहिलेले:

दोघे एका खोलीत बसायला तयार झाले नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशी बोलावले. आधी यादोराव आला. मी त्याच पेल्यात पाणी दिले. त्याने पेला उंच धरला आणि तोंड न लावता वरून पाणी ओतून घेतले. मी बघतोय हे पाहून म्हणाला, "तसं नाही धनीरामभाऊ, सवय पडली." सही करून गेला.

मग धुरपताबाई आली. तिच्याही हातात पेला दिला. तिने तो हातात फिरवला, काठ निरखला आणि विचारले, "यादोभाऊनं कुठून तोंड लावलं होतं, भाऊ?"

ती तिथूनच पिणार होती. माझ्या तोंडून खोटे निघेना, आणि खरे सांगवेना. मी खाली बघत राहिलो. तिला कळले. पेला जमिनीवर ठेवून ती एवढेच म्हणाली, "तुमाले पुराले येईन मी. पेल्याचं नका सांगू मले."

म्हणून कलम ५ मी रद्द करतो. पेला माझ्या पेटीत, माझ्या उशाला ठेवावा. रिकामा.

साकोलीच्या वकिलांना फोन केला. ते म्हणाले, या बदलावरही दोन साक्षीदार लागतील, नाहीतर जुने कलमच कायम राहील. सही कोणीही करील, पण त्या पहिल्या पेल्याचे साक्षी हे दोघेच उरले आहेत, आणि त्यांना परत बोलावणे आता माझ्याने होणार नाही.

ठिकाण: सानगडी
तारीख: ९ मे २०२३

सही: धनीराम सोमाजी दिघोरे

साक्षीदार: कोणी नाही.