पिंपातला गोलकीपर

सर, आज अकरावा दिवस आहे, मी एक शब्द बोललेलो नाही. तुम्हाला हसू येईल. खडूचा तुकडा कपाळावर बसल्याशिवाय ज्याचं तोंड बंद होत नव्हतं, तो तुमचा विद्यार्थी पाटीवर लिहून पाणी मागतो. घशात डाव्या बाजूला एक गाठ आहे. डॉक्टरांनी तिचा कण काढून तपासायला पाठवला आणि जखम भरेपर्यंत आवाज काढायचा नाही म्हणून दम दिला. मुलगी सातवीत आहे. तिनं तिची जुनी पाटी शोधून दिली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही गप्प बसल्यापासून घर केवढं मोठं वाटायलंय." मी पाटीवर लिहिलं, "आगाऊ." ती म्हणाली, "अक्षर सुधारा." तपासणीचा कागद काल दुपारी आला. बायकोनं जालन्याहून आणला, न फोडता माझ्यासमोर ठेवला. ते पांढरं पाकीट कालपासून फ्रीजवर पडून आहे. मी त्याच्यापुढून पाण्याला जातो आणि तहान नसली तरी पाणी पिऊन परत येतो.

भीतीवर मी किती बोललोय, सर. परतूरच्या बाजार मैदानापासून जिल्ह्याच्या कचेरीसमोरच्या मांडवापर्यंत, वसतिगृहाच्या प्रश्नावर, शिष्यवृत्तीवर, गावात पोरांना मारहाण झाली त्यावर. आमच्या वस्तीनं घाबरून राहावं यावर किती जणांचा रुबाब उभा आहे, हे मी कुणालाही तोंडावर सांगितलं आणि आवाज परत आला तर पुन्हा सांगेन. प्रत्येक भाषणाच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं: भीती वाटू द्या, पण डोळे उघडे ठेवा. माझे सर सांगायचे, असंही म्हणायचो. लोक उठून टाळ्या वाजवायचे. जगभरची पुस्तकं वाचली, पण याच्या तोडीचं वाक्य मला कुठं सापडलं नाही. ते तुम्ही एका सिनेमात म्हणाला होता.

रविवार होता. दुपारी दोनला लाईट यायची म्हणून सगळी शाळा अडीचला बोलावलेली. आठवी ब च्या खिडक्यांना तुम्ही खताच्या रिकाम्या गोण्या ठोकल्या होत्या, टेबलावर टीव्ही, त्याच्या डोक्यावर भाड्यानं आणलेला सीडी प्लेअर. तुम्ही आम्हाला सकाळी कराटे शिकवायचे आणि संध्याकाळी फुटबॉल, दोन्ही एकाच मैदानात, एकाच शिट्टीवर. म्हणून दोन्ही एकत्र असलेला पिक्चर दाखवायचं तुम्ही महिनाभर कबूल करत होता. लाँड्रीत कपडे धुणारे, मारामारीची विद्या शिकलेले सात-आठ जण, आणि त्यांची फुटबॉलची टीम. चित्र सुरू झालं आणि पडद्यावरची माणसं चिनी बोलायला लागली. दुकानदारानं हिंदी म्हणून भलतीच सीडी गळ्यात मारली होती. पोरं ओरडली, "सर, हे कायच समजत न्हाई!" तुम्ही टीव्हीचा आवाज बंद केला, शेजारी उभे राहिलात आणि म्हणालात, "मंग मी कशाला हाये? गप बसा, ऐका."

आणि तुम्ही बोलायला लागता. सगळी माणसं तुम्हीच. जाडा माणूस लाथ मारतो, चेंडू भिंत फोडून पलीकडच्या गल्लीत जातो आणि वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी ओढत परत येतो, तुम्ही म्हणता, "गेलं गेलं, पाटलाचं धोतर गेलं! आता पाटील मॅच संपल्याबिगर घराबाहेर येत न्हाई." समोरच्या टीमच्या गॉगलवाल्याला तुम्ही आमच्या हेडसरांचा आवाज दिलेला, "रांगेत गोल मारा, रांगेत!" हेडसर तुमच्या मागं दारात उभे राहून ऐकतायत हे आम्हाला दिसतं, तुम्हाला नाही. एकदा तुम्ही पडद्यावरच्या माणसाबरोबर स्वतः लाथ उचलली आणि तुमची चप्पल उडून पाण्याच्या माठावर बसली. माठ फुटला. वर्गभर पाणी. एकही पोरगं उठलं नाही. आम्ही ओल्या चड्ड्यांनी पुढचा तासभर बसून राहिलो. बोलून माणसं अशी जागेवर धरून ठेवता येतात, हे मला त्या पाण्यात बसून कळलं. मधूनमधून तुम्ही खोकत होता, बाटलीतलं कोमट पाणी पीत होता. माठातलं गार पाणी पिणारे तुम्ही आणि कोमट पाणी, हे काही जुळत नाही, एवढं तेव्हाही माझ्या मनात आलं होतं.

फायनलच्या आधी त्यांचा गोलकीपर सापडत नाही. म्हातारा उस्ताद शोधत येतो, तर तो लाँड्रीतल्या मोठ्या रिकाम्या पिंपात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. तो बराच वेळ बोलतो. तुमचा आवाज तिथं खाली आला. हसणाऱ्या पोरांचा आवाजही खाली आला. "मला भ्या वाटून राह्यलं, उस्ताद. चेंडूचं न्हाई. चेंडू दिसतो. मधल्या टायमाचं भ्या वाटतं. त्याच्या पायापासून चेंडू सुटला, अन् माझ्यापर्यंत आला न्हाई, त्या टायमाचं."

"मंग तवा काय करतो तू?"

"डोळे मिटतो."

"मिटू नको. भ्या वाटू दे बराबर, जेवढं वाटायचं तेवढं. डोळे उघडे ठेव. तुझं काम एवढंच हाये."

मी शाळेच्या टीमचा गोलकीपर होतो, कारण दुसरं कुणी उभं राहायला तयार नव्हतं. मला वाटलं, हे माझ्यासाठीच आहे.

तुमच्याकडून मिळालेली ती सीडी केव्हाच हरवली; मागच्या आठवड्यात मुलीनं तो पिक्चर शोधून काढला. मी पाटीवर लिहिलं होतं, चिनी, कराटे, फुटबॉल, लाँड्री, आणि तिनं फोनवर पाच मिनिटांत माझ्या हातात दिला. खाली इंग्रजी अक्षरं येत होती. तिच्याशेजारी बसून मी पिंपाच्या जागेची वाट बघत होतो. ती जागा आली. सर, तो गोलकीपर म्हणतो की त्यानं दुपारी शिळं खाल्लं, पोटात कळ येतेय. मग काय काय खाल्लं त्याची यादी सांगतो. म्हातारा नाक धरून म्हणतो, जा, पण लवकर ये. बस्स. एवढंच. मुलगी पोट धरून हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पप्पा, तुम्ही रडताय का? विनोदी आहे हे." मला डॉक्टरांनी हसायलाही मनाई केली होती, म्हणून मी हसलो नाही असं तिला पाटीवर लिहून दिलं.

तुम्ही गेल्यानंतर तुमच्या घरी बाईंना भेटायला आम्ही पोरं आलो होतो. तुमची शिट्टी खुंटीला होती. बाई म्हणाल्या होत्या, "त्यो पिच्चर दाखवला ना तुम्हाला, त्याच्या आदल्याच आठवड्यात औरंगाबादहून कागद आल्ता. मला चार दिवस सांगितलं न्हाई. भाड्याचा प्लेअर आधीच घरी आणून ठेवला, अन् ती सीडी लावून एकटेच बघत बसायचे." तेव्हा मी हे ऐकलं आणि नुसतं वाईट वाटून घेतलं. आता सगळं जागेवर बसलं. म्हणजे ती सीडी चिनी आहे हे तुम्हाला माहीत होतं. बदलून आणायला वेळ होता, आणली नाही. त्या पिंपात तुम्ही बसला होता, सर, आणि उस्तादही तुम्हीच, आणि समोर आम्ही दीडशे पोरं ओल्या चड्डीत, आम्हाला काहीही कळलं नाही.

तुमची बोलणीही आठवतात. चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत मी पहिल्यांदा माईकवर अर्धा तास बोललो. तुम्ही सायकल स्टँडवर लावून मागं उभे राहून शेवटपर्यंत ऐकलं. तुमच्या भावकीतलं दुसरं कुणी तिथं आलं नव्हतं. मला वाटलं पाठ थोपटाल. दुसऱ्या दिवशी मैदानात म्हणालात, "घशानं बोलतो तू. लोकं काय बहिरी हायेत? कराटेत आवाज कुठून काढतो?"

"पोटातनं, सर."

"मंग भाषण काय येगळं हाये? घसा हे नुसतं दार हाये. त्यालाच धडका मारत बसला तर मोडतं ते."

मी ऐकलं नाही. लोकांना माझा फाटलेला आवाजच आवडला. ते म्हणायचे, आग आहे पोराच्या गळ्यात. मी तंबाखूला कधी हात लावला नाही, दारू नाही, पण रोज तीन-तीन सभांत तेच दार बडवलं. डॉक्टर म्हणाले, कारण असं एक सांगता येत नाही. रात्री-अपरात्री नव्हे, भर दुपारी, जेवताना, मला तुमचं ते दाराचं वाक्य ऐकू येतं आणि घास खाली उतरत नाही. मग वाटतं, घास भीतीनं अडला की गाठीनं?

शेवटी तुम्हाला भेटलो ते तुमच्या घरी. गळ्याला नळी होती. तुम्ही पाटीवर लिहिलं, "प्रॅक्टिस चालू?" मी हो म्हणालो. तुम्ही पुसून लिहिलं, "बघ माझ्याकडं." मी पाटीकडेच बघत राहिलो. त्यानंतर बाईंनी दोनदा निरोप धाडला, मी आलो नाही. परीक्षा आहे म्हणून सांगितलं. परीक्षा नव्हती.

बायको आत्ता दारात येऊन गेली. ती शाळेत शिकवते, तिच्याकडं वाट बघायची ताकद आहे, पण कालपासून तिचीही संपत आलीय. म्हणाली, "अहो, तुमच्यानं होत नसेल तर मी फोडते. मी वाचते आणि सांगते." इंग्रजी मलाही येतं. पण मी होकाराची मान हलवली. मग लगेच दुसरी भीती आली. ती त्या कागदाशेजारी उभी राहील, मी फक्त तिच्या तोंडाकडं बघेन, आणि ती आपल्या भाषेत सांगेल. तीही तुमच्यासारखं मनाचं सांगायला लागली तर? खाली एक लिहिलेलं आणि माझ्या कानावर दुसरंच. तुमचं खोटं वीस वर्षं पुरलं मला. तिचं किती दिवस पुरेल?

म्हणून मी पाटीवर लिहिलं आहे, "फोडू. पण दोघं एकाच वेळी बघू." ती स्वयंपाकघरात हात पुसतेय. पाकीट घेऊन येईलच. त्याआधी एक सांगून टाकतो.

जाफराबादच्या मॅचला शेवटची पेनल्टी होती. त्यांचा तो दाढीमिशी फुटलेला पोरगा धावत आला आणि मी चेंडू अडवला. एसटीत पोरांनी मला खांद्यावरून उतरू दिलं नाही, ड्रायव्हर ओरडला तरी. सोमवारी प्रार्थनेला तुम्ही मला पुढं बोलावलंत आणि सगळ्या शाळेला सांगितलंत, "ह्या पोरानं डोळे उघडे ठेवले. मी गोलाच्या मागंच उभा होतो." त्या पिक्चरची सीडी मला बक्षीस दिलीत आणि म्हणालात, बोल चार शब्द. ते माझं पहिलं भाषण. तिथून पुढं सगळं सुरू झालं. मांडव, माईक, टाळ्या, ते वाक्य.

गोलाच्या मागं उभं राहिल्यावर गोलकीपरची फक्त पाठ दिसते, सर. माझे डोळे घट्ट मिटलेले होते. चेंडू येऊन माझ्या छातीवर आदळला, एवढंच झालं.

ती आली. तुम्हाला लिहिलेला हा कागद त्याच पाकिटात घालून ठेवतो.