लोबान आणि बोळ अंजनाबाईला

मी, रुखमाबाई पत्रू मांदाडे, वय सदुसष्ट, राहणार सावली, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र कुणाच्या धाकानं किंवा शिकवण्यानं नव्हे, माझ्या मनानं लिहिते. गेल्या आषाढात माझा पाय मोडला, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. घर माझ्या नावावर आहे. पुढच्या दोन खोल्या मुलगा हेमराज याला. मागची खोली, परसबाग आणि माझी कलमाची सुरी मुलगी दामिनी हिला. हेमराजनं तिच्या खोलीतून ये-जा करू नये. त्याला पुढचं दार आहे.

२. अंगणातलं टिनाचं शेड हेमराजला. वकील म्हणाले, कारण लिहायची गरज नाही. मला आहे.

मी सव्वीस वर्षं गावाबाहेरच्या रोपवाटिकेत मजुरी केली. मालकानं अरबी मुलखातून लोबान आणि बोळाची रोपं मागवली होती. ज्यांचा डिंक आपण धुपाला आणि औषधाला वापरतो, ती ही झाडं. इथल्या पावसात बहुतेक कुजली. "फेकून दे," मालक म्हणाला. त्यातून तीन लोबान आणि एक बोळ मी घरी आणले. रेती, मुरूम, चुनखडी मिसळून कुंड्या भरल्या. पाऊस लागू नये म्हणून शेड उभारलं. नवव्या उन्हाळ्यात एका लोबानाच्या खोडाला नखाएवढी चीर दिली, तर दुधासारखा थेंब आला. त्या दिवशी मी तिथून उठलेच नाही.

मी गडचिरोलीला दवाखान्यात असताना हेमराजनं चारही कुंड्या अंगणात काढल्या आणि शेडमध्ये नवी मोटारसायकल ठेवली. झड अकरा दिवस होती. घरी आले तेव्हा दोन लोबानांच्या खोडात बोट आत जात होतं.

"पाणी लागू देऊ नको म्हणून सांगतलं होतं ना तुले?"

"झाडच होय ना माय. पाण्यानं झाड मरते काऊन?"

नऊ वर्षं तो त्या शेडवरून जेवायला आत येत होता. झाडांवर छप्पर कशाला, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. आता गाडी खुशाल ठेवावी.

३. उरलेला लोबान आणि बोळ माझी जाऊ अंजनाबाई हिला. माझा नवरा वारला तेव्हा तेरवीच्या आधीच तिनं त्याचं मासे धरायचं मोठं जाळं उचलून नेलं. चौदा वर्षं आम्ही बोललो नाही. मी तिला माफ केलेलं नाही, हेही नोंदवते. पण त्या पावसात तिनंच दोन कुंड्या आपल्या पडवीत नेल्या. सत्तरीच्या बाईला तेवढ्याच उचलता आल्या. मी कुबडी घेऊन तिच्या दारात गेले.

"तुह्यासाठी नाई केलं," ती म्हणाली. "जीव होता त्यायच्यात."

मृगापासून दसऱ्यापर्यंत तिनं त्यांना पाणी घालू नये. जाळं दामिनीला परत द्यावं.

४. मी गेल्यावर धुपासाठी त्या लोबानाला चीर देऊ नये. दुकानातली उदबत्ती चालेल.

हे लिहीत असताना हेमराज दारात आला. "माय, माह्यं नाव हाय का त्यात?"

"सगळ्यात जास्त तुह्यंच हाय," मी म्हटलं. तो खूश होऊन गेला.

वाचून, समजून सही केली.

रुखमाबाई पत्रू मांदाडे

आमच्यासमोर सही झाली, साक्षीदार:
१. नूतन बिरजू शेंडे
२. लटारू गोविंदा भोयर

सावली, दिनांक १२ नोव्हेंबर २०२४